बळी दिला कोणी? : मराठी कादंबरी, बोलपट आणि ख्रिस्तसादृश्याचा शोध

काही वर्षांपूर्वी ठाण्यात एका अभ्यासवर्गात मी अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ शिकवीत होतो. संध्याकाळी कामावरून सुटून येणारी मुले. कोणी कळव्याचा, कोणी अंबरनाथचा, दोघे-तिघे डोंबिवलीहून उभ्याने लोकलचा प्रवास करून आलेले. इंग्रजी समीक्षेत ज्याला ‘ख्रिस्तसदृश नायक’ म्हणतात त्याचे मराठी उदाहरण द्यावे म्हणून मी फळ्यावर दोन रकाने पाडले. एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला फकिरा. दोघेही ज्या गावकुसाकडून काही चांगले निपजेल असे कोणाला वाटत नव्हते तिथले, दोघेही भुकेल्यांच्या तोंडी घास घालणारे, दोघेही आपल्या माणसांसाठी स्वतःहून शत्रूच्या हाती जाणारे, दोघांनाही राजसत्तेने दिलेला देहदंड. रकाने जुळले. खाली मी ‘त्यागमूर्ती’ असा शब्द लिहिला आणि समाधानाने खडू ठेवला.

मागच्या बाकावरचा मातंग समाजातला एक तरुण उठला. म्हणाला, “सर, फकिरा मांग होता हे फळ्यावर कुठंच आलं नाही. आणि त्याला मारलं कोणी, तेही नाही.”

मी निरुत्तर झालो. त्या प्रश्नाने मला मागे जायला लावले. त्यातून जे हाती लागले ते ह्या लेखात मांडतो आहे. लोकप्रिय कादंबरीत आणि बोलपटात ख्रिस्त शोधण्याचा हा जो उद्योग आहे, तो आपल्या भाषेत आला कसा, त्याने काय उजेडात आणले आणि काय झाकले, एवढाच माझा प्रश्न आहे. ख्रिस्ती धर्म बरा की वाईट, हा नाही.

ठाणे-कल्याणच्या वाचकाला ख्रिस्ती गोष्ट परकी नाही हे आधी सांगितले पाहिजे. सहाव्या शतकातल्या कॉस्मस ह्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि ते स्थळ म्हणजे आपले कल्याणच असे बहुतेक अभ्यासक मानतात. ह्याच कल्याणच्या व्यापाऱ्यांनी त्याआधी कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना दाने दिली होती, हेही कान्हेरीच्या शिलालेखांत आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंना ठार करण्यात आले. काही वर्षांनी ओडोरिक नावाचा त्यांचाच एक पंथबंधू इथे आला, त्यांच्या अस्थी गोळा करून चीनकडे घेऊन गेला आणि त्यांच्या मरणाची हकीकत मागे ठेवून गेला. ठाण्यात घडलेल्या मरणाकडे पाहून त्यात क्रूसाची छाया दिसलेल्या पहिल्या माणसांपैकी तो एक म्हणायचा. पुढे पोर्तुगीज आले. १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली, पण चर्चे राहिली, माणसे राहिली, आणि माणसांबरोबर जातीही राहिल्या. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईत आजही ‘सामवेदी ख्रिस्ती’ हा शब्द सहज उच्चारला जातो. धर्म बदलला तरी जुने नाव असे चिकटून राहते. साहित्यातल्या प्रतिमांचेही असेच होते, हे पुढे दिसेल.

मराठीतली सादृश्याची पहिली थोर खटपट मात्र गोव्यातली. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना त्यांची पुराणे सुटल्यावर हाती काय द्यायचे, ह्या अडचणीतून हा ग्रंथ निपजला. म्हणून ओवी घेतली, पुराणिकाची बैठक घेतली, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. भाषा गोड, कारागिरी अपूर्व. परंतु ज्या श्रोत्याची सोय पाहून हे रूप ठरले तो पुराण ऐकण्याचा अधिकार असलेला श्रोता होता. वेशीबाहेरच्याला वैकुंठ म्हणजे काय ठाऊक! त्याला देवळाची पायरीसुद्धा चढू दिलेली नव्हती. तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकोबाच्या अभंगातून ख्रिस्ताकडे वाट काढली. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ह्या थोर दांपत्याविषयी मनात आदर आहे. पण वाट तीच. भक्तीच्या पुलावरून ख्रिस्त गाठायचा, म्हणजे ख्रिस्त संत होतो, माउली होतो. त्याला भर चौकात, कायद्याने, खिळे ठोकून मारले होते ही गोष्ट अभंगाच्या गोडव्यात विरघळून जाते.

गद्य कथेतही सुरुवात मिशनच्या छायेतच झाली. बन्यनच्या यात्रेकरूची गोष्ट हरि केशवजींनी १८४१ साली ‘यात्रिक क्रमण’ म्हणून मराठीत आणली. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. मराठीतली पहिली कादंबरी असा मान त्याला दिला जातो. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांचे हाल पाहते, स्वतः विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ताकडे वळते. प्रवास, दुःख, मग उद्धार, असा हा यात्रेकरूचाच साचा. ह्या कादंबरीने बाईच्या केशवपनाला आणि कोंडमाऱ्याला मराठीत प्रथम कथारूप दिले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र तिथले दुःख मुख्यतः वरच्या जातींच्या माजघरातले आहे. महारवाड्यावरून यमुनेची वाट जात नाही.

महारवाडा आणि मांगवाडा छापील मराठीत बोलला तो दोन वर्षे आधी, आणि तोही मिशनच्याच पत्रात. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे ह्या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मांग मुलीचा निबंध आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची असल्याचे सांगतात. मोठमोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरले जाई, असे ती लिहिते. वाचकांनी इथे थांबावे अशी माझी विनंती आहे. ख्रिस्ती विचारातला मध्यवर्ती शब्द आहे बलिदान. आणि ही मुलगी बलिदानाविषयीच बोलते आहे. पण तिच्या वाक्यात बळी जाणारा स्वतःहून गेलेला नाही. त्याला पुरले आहे. पुरणारे कोण, वाडा कोणाचा, हे त्या निबंधात उघड आहे.

मराठीत ‘बळी’ ह्या एका शब्दाच्या पोटात काय काय आहे पाहा. देवापुढे कापला जातो तो बळी. वामनाने पाताळात लोटलेला राजा तो बळी. आणि ‘बळी तो कान पिळी’ मधला बळी तो वेगळाच, दांडगा. जोतीरावांनी ह्यातला दुसरा बळी निवडला. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी येशूला ‘दुसरा बळीराजा’ म्हटले. ही माझ्या मते मराठीतली सर्वांत धाडसाची ख्रिस्ततुलना होय. मिशनरी सांगत की तुमचा देव सोडा आणि आमचा घ्या. टिळक पुढे म्हणणार होते की तुमच्या संतांतूनच आमच्या देवाकडे या. जोतीरावांनी उलटी दिशा धरली. त्यांनी येशूला आपल्या शेतकऱ्यांच्या राजाच्या ओळीत आणून बसविले. दिवाळीत ओवाळताना इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो असे म्हणणाऱ्या बायांच्या ओळीत! ह्या तुलनेत बळीबरोबर वामनही येतो. तो गाळताच येत नाही. ज्याला मारले त्याचे नाव घेतले की मारणाऱ्याचे नाव आपोआप घ्यावे लागते, अशी ही रचना आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या ह्या माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही, आणि ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना.

आता बोलपटांकडे, म्हणजे आधी मूकपटांकडे. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि तो पडद्यावर सरकत असताना त्यांच्या मनापुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहू लागली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. भारतीय चित्रपटाचा उगमच असा ख्रिस्तकथेच्या सादृश्यात आहे. आपल्या समीक्षकांनी ही हकीकत शेकडो वेळा सांगितली, राष्ट्रीय स्फूर्ती म्हणून. पण फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जागी शेवटी कोणाला बसविले? १९१३ साली निघाला ‘राजा हरिश्चंद्र’. पुढे प्रभातने मराठीतला पहिला बोलपट काढला, १९३२ साली, ‘अयोध्येचा राजा’. तोही हरिश्चंद्रच.

मूळ पुराणकथा आठवून पाहू. सत्यासाठी राज्य गेले, राणी विकली, मुलगा विकला, आणि दुःखाची अगदी शेवटची पायरी कोणती? राजाला डोंबाच्या घरी राबावे लागले, मसणवटीत. प्रेक्षक इथे रडतो. राजा रात्रभर प्रेते राखतो म्हणून रडतो. डोंब पिढ्यान् पिढ्या राखतो आहे त्याचे काय, हा प्रश्न पुराणाला पडत नाही. पुढे देव प्रकट होतात, परीक्षा संपते, राजा गादीवर जातो. आणि तो डोंब? तो म्हणे डोंब नव्हताच, साक्षात धर्म होता वेष घेतलेला! म्हणजे कथेत एक अस्पृश्य होता तोही शेवटी काढून घेतला. येशूच्या कथेतही खाली उतरणे आहे. गोठ्यात जन्म, कोळ्यांबरोबर जेवण, शिष्यांचे पाय धुणे, दोन गुन्हेगारांच्या मध्ये मरण. पण ते उतरणे म्हणजे शिक्षा किंवा परीक्षा नव्हे. तिथेच त्याचे घर आहे, वर जायचे म्हणून तो खाली आलेला नाही. हरिश्चंद्र मात्र खाली आला तो परतीचे तिकीट काढून. फाळक्यांनी ख्रिस्तकथेतून दुःख घेतले आणि संगत सोडली.

डोंबिवली हे नाव डोंबांवरून पडले असे लोक सांगतात. खरे-खोटे काय असेल ते असो. गणेशमंदिराच्या पाडव्याच्या शोभायात्रेने ओळखल्या जाणाऱ्या ह्या नगरीला आपल्या नावातल्या डोंबाची आठवण कधी होते का, हे तिथल्या शिक्षकमित्रांनी मला कळवावे.

प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) एकनाथ महाराच्या घरी जेवतात. आधी ह्या बोलपटाचे नाव ‘महात्मा’ होते, सेन्सॉरच्या हरकतीमुळे बदलले. एकनाथाच्या भूमिकेत बालगंधर्व. शुभवर्तमानात येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरतो त्या प्रसंगाशी हे जुळवून दाखवणे सोपे आहे आणि वरवर पाहता ते चूकही नाही. त्या काळी असा बोलपट काढणे हे धैर्याचेच होते. तरीही एक फरक राहतोच. जक्कय त्या भेटीनंतर स्वतः उभा राहून बोलतो, लुबाडलेले चौपट परत करीन म्हणतो. गोष्ट त्याची होते. ‘धर्मात्मा’तला महार मात्र एकनाथाच्या थोरवीचा साक्षीदार राहतो.

हिंदी पडद्याविषयी थोडक्यात. १९७७ चा ‘अमर अकबर अँथनी’ आठवा. तीन भाऊ, तीन धर्म, एकाच वेळी तिघांचे रक्त आईच्या शिरांत, आंधळ्या आईला पुढे दृष्टी. ह्यात शुभवर्तमानातले चमत्कार शोधणाऱ्याला सापडतातच. मला आठवते ती न सापडलेली गोष्ट. नागपूरच्या दीक्षाभूमीला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती, आणि ह्या घरात चौथा भाऊ नव्हता.

त्याच सुमारास तेलुगूत ‘करुणामयुडु’ (१९७८) निघाला आणि ‘दयासागर’ ह्या हिंदी रूपात तो गावोगाव, वस्त्यावस्त्यांत पडदे बांधून दाखविला गेला. कल्याणला एका वस्तीत मी तो जमिनीवर बसून पाहिला. शेजारी बीडकडची एक म्हातारी होती. खिळे ठोकायला लागले तशी तिने विचारले, “कंच्या गावचा म्हनायचा ह्यो? आन् तितला पाटील कोन हाय?” पोरे हसली. कोणी तरी सांगितले, आजी, हा देव आहे. ती म्हणाली, “द्येवाला कोन असं हानतंय व्हय? ह्यो आपल्यातलाच हाय.” धर्मशास्त्राची पदवी घेतलेल्यांना जे सांगायला पुष्कळ पाने लागतात ते तिने दोन वाक्यांत सांगितले. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल ह्यांनी शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली, त्यातून पुढे दलित ईश्वरशास्त्राचा प्रवाह वाहू लागला. ख्रिस्त दलितांतला एक आहे ही त्या प्रवाहाची भूमिका. म्हातारी त्याच ठिकाणी पोचली होती, फक्त तिने पाटलाचाही पत्ता विचारला.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांना ह्या सादृश्याचा मोठा अनुभव आहे. १८५२ च्या ‘अंकल टॉम्स केबिन’मधला टॉम हा मुद्दाम ख्रिस्ताच्या साच्यात घडविलेला. मार खातो, क्षमा करतो, मरतो. गोऱ्या वाचकांचे डोळे पाणावले आणि गुलामगिरीविरुद्ध मत तयार झाले, हे खरे. पण १९४९ साली जेम्स बॉल्डविनने ह्या कादंबरीवर कोरडे ओढले. काळ्या माणसाला माणूस म्हणून नव्हे, सोशिकपणाचे निशाण म्हणून उभे केले हा त्याच्या रागाचा गाभा होता. ‘अंकल टॉम’ ही पुढे काळ्यांत शिवी झाली. १९७२ साली ज्यांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेला नाव दिले त्या आपल्या तरुणांना हा राग समजावून सांगावा लागला नाही. ह्याच्या उलट जेम्स कोन ह्या काळ्या धर्मचिंतकाने २०११ च्या आपल्या ग्रंथात क्रूस आणि झुंडीने काळ्यांना ज्यावर लटकावले ते झाड शेजारी ठेवले. झाडाकडे पाहिले की झुंडही दिसते, झुंडीतले रविवारी चर्चला जाणारेही दिसतात. तुलना तीच, पण टॉमच्या वेळी प्रेक्षक रडून मोकळा झाला. कोनने त्याला आरोपीच्या पिंजऱ्याजवळ आणले.

इथे कोणी बौद्ध वाचक विचारील, आम्हाला हा ख्रिस्त हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी स्वतः ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बुद्धाची येशूशी तुलना केली आणि बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे असे सांगितले. एकाच्या रक्ताने दुसऱ्याचे पाप धुतले जाते ही कल्पना त्या धम्मात बसत नाही. मिशनऱ्यांच्या कार्यावरही त्यांनी लिहिले, आणि ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची जात चर्चमध्ये का टिकली हे परखडपणे विचारले. म्हणून ‘फकिरा ख्रिस्तासारखा’ असे म्हणताना आपण कोणाच्या मापाने कोणाला मोजतो आहोत, ह्याचा हिशेब द्यावाच लागतो. पण बाबासाहेबांनी तुलना टाळली नाही हेही ध्यानी घ्यावे. त्यांनी तुलनेतून फरक काढला.

तर फकिराकडे परत येतो. १९५९ ची ही कादंबरी अण्णा भाऊंनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. तिची सुरुवातच एका बळीने होते. वाटेगावची इभ्रत वाढावी म्हणून राणोजी मांग शिगावची जोगिणी घेऊन येतो आणि त्या झुंजीत त्याचे मुंडके उडते. जत्रा वाटेगावची झाली. मान गावाचा, मुंडके मांगाचे! अनेकांसाठी एकाने मरावे हा विचार राणोजीला पुरेपूर लागू पडतो, म्हणून मीही तो त्या दिवशी फळ्यावर लिहिला होता. घरी जाऊन योहानाचे शुभवर्तमान पुन्हा वाचले तेव्हा चपापलो. लोकांसाठी एका माणसाने मरणे हिताचे, हे वाक्य तिथे येशूच्या तोंडी नाही. ते कयफाच्या तोंडी आहे, त्या वर्षीच्या मुख्य याजकाच्या. ज्यांनी येशूला मारण्याचा बेत केला त्या सभेत. योहान त्याला पुढे भविष्यवाणीचा अर्थ देतो ते निराळे. त्यागाचा गौरव करणारा माणूस फायद्याच्या बाजूला बसलेला असू शकतो, हे शुभवर्तमानाने स्वतःच नोंदवून ठेवले आहे, आणि आम्ही समीक्षक मात्र ते विसरतो.

राणोजीचा मुलगा फकिरा दुष्काळात खजिना आणि धान्य लुटतो, उपाशी माणसे जगवितो. सरकार मांगांना हजेरी लावते, बायकापोरांना कोंडते, आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः हजर होतो. फाशी. गुन्हेगार जमातींचे कायदे १८७१ पासून सुरू झाले आणि १९५२ साली उठले; जन्मानेच गुन्हेगार ठरविण्याची ही ब्रिटिश तरतूद गावगाड्याच्या जुन्या समजुतीवर बेताने बसली होती. अण्णा भाऊंनी सगळ्यांना एका रंगात रंगविलेले नाही. विष्णुपंत कुलकर्ण्यांसारखा मांगांची कणव असलेला माणूस त्यांनी उभा केला आहे. म्हणूनच तिथे दोषाचा हिशेब नेमका आहे. फकिरा टॉमसारखा सोशिक नाही. त्याच्या हातात तलवार आहे, ती तो खाली ठेवतो ती क्षमेपोटी नव्हे, ओलीस ठेवलेल्या माणसांपोटी. ‘त्यागमूर्ती’ म्हटले की ओलीस ठेवणारा दिसेनासा होतो.

पुढच्या आठवड्यात मी फळ्यावर तिसरा रकाना पाडला. कोणी मारले, कोणत्या कायद्याने किंवा रूढीने, आणि मेल्यावर लाभ कोणाचा झाला. राणोजीसाठी तो रकाना भरला, फकिरासाठी भरला. येशूसाठी भरताना वर्गातल्या एका ख्रिस्ती मुलीने कयफा, पिलात, रोमी करवसुली असे भराभर सांगितले; तिला हे चर्चमध्ये कोणी विचारलेच नव्हते म्हणाली. हरिश्चंद्रासाठी रकाना रिकामा राहिला, कारण तिथे परीक्षा होती, मारणारा कोणी नव्हता.

मग मुलांनीच नागराज मंजुळे ह्यांचा ‘फँड्री’ (२०१३) काढला. जब्याचे कुटुंब डुक्कर धरून नेते तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर जोतीराव, सावित्रीबाई, शाहू महाराज, बाबासाहेब, गाडगेबाबा आहेत. शुभवर्तमानात बाईला मारायला आलेले लोक हातातले दगड टाकून निघून जातात. इथे ज्याला टोचून टोचून मारले त्याच्याच हातातून दगड सुटतो आणि सरळ पडद्याबाहेर, आपल्याकडे येतो. तिसऱ्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे ह्यावर वर्ग फुटला. अंबरनाथचा म्हणाला, गावातल्या टवाळ पोरांचे. मागच्या बाकावरचा म्हणाला, दगड ज्यांच्याकडे आला त्यांचे, म्हणजे तिकीट काढून बघणाऱ्यांचे. ख्रिस्ती मुलीने विचारले, मग आपलेही लिहायचे का? साडेनऊची लोकल गाठायची होती, म्हणून वर्ग तिथेच थांबवावा लागला.